सोलापुरात स्टिंगरे पाळायचाय? आधी पाण्याची सोय, मासा सगळ्यांत शेवटी

गोड्या पाण्यातला स्टिंगरे सोलापुरात चांगला जगू शकतो. अट एकच, मासा सगळ्यांत शेवटी घरी आला पाहिजे. होतं नेमकं उलटं. दुकानात तळहाताएवढं पिल्लू काचेला चिकटून वर सरकतं, पोटाकडची पांढरी बाजू दिसते, तिथलं तोंड हसल्यासारखं वाटतं आणि माणूस पिशवी घेऊनच घरी येतो. मग टाकीची शोधाशोध, मग फिल्टरची, आणि पाण्याचा विचार तर मासा मान टाकायला लागल्यावर. हा लेख पहिल्यांदा रे पाळणाऱ्यांसाठी आहे. ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने कामं करा, ही मनापासून विनंती.

आधी हा प्राणी कोण ते थोडक्यात. कोकणात जाळ्यात येणारं पाकट ते याचं लांबचं भावंड. आपण पाळतो ते रे मात्र दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन, ओरिनोको, पराना अशा नद्यांतले, पोटामोट्रिगॉन या वंशातले. समुद्रातली पाकटं रक्तात युरिया साठवून खाऱ्या पाण्यात तग धरतात. नदीतल्या या रेंनी ती क्षमता गमावली आहे. ते भरपूर खातात, भरपूर अमोनिया सोडतात आणि तोच अमोनिया त्यांना इतर माशांपेक्षा लवकर बाधतो. पुढची सगळी उठाठेव एवढ्यासाठीच आहे.

पहिली पायरी: घरातल्या पाण्याचा हिशोब

सोलापूरला पाणी येतं उजनीतून, भीमेवरच्या टाकळीच्या बंधाऱ्यातून आणि हिप्परगा तलावातून. शहराच्या बऱ्याच भागांत ते रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. आपण माणसं त्याला सरावलोय. रे सरावत नाही.

एका मोठ्या रेसाठी जवळजवळ हजार लिटरची टाकी लागते, ती का ते पुढे येईलच. तिच्यातलं किमान ४० टक्के पाणी दर आठवड्याला बदलायचं, म्हणजे आठवड्याला ४०० लिटर. हे घरच्या वापराच्या वरचं पाणी आहे. म्हणून फक्त माशासाठी वेगळी हजार लिटरची सिंटेक्स टाकी ठेवा. नळाला पाणी आलं की ती आधी भरायची. एखाद्या वेळी पाणी लांबलं तरी दोन आठवडे निभावतात. घरात एवढी टाकी ठेवायला जागा नसेल, किंवा उन्हाळ्यात घरच्यांनाच टँकर मागवावा लागत असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की रे आणू नका. त्याच हौसेने तीन फुटी टाकीत गप्पी, मॉली किंवा एंजल पाळा, तेही सुंदर दिसतात.

साठवणीची टाकी गच्चीवर नको. एप्रिल-मेमध्ये दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं. तेच पाणी माशाच्या टाकीत गेलं तर काही मिनिटांत तापमान चढतं. टाकी खाली, जिन्याखाली किंवा उत्तरेच्या भिंतीला सावलीत ठेवा आणि पाणी पहाटे बदला.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, आणि टँकरच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर किती पडली असेल त्याचा भरवसा नाही. ग्रामपंचायतीत पाणी तपासायला वापरतात ते ओटीचे थेंब, म्हणजे ऑर्थोटोलिडीन, घरात ठेवा. पेलाभर पाण्यात थेंब टाकले आणि पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे असं समजा. साठवणीच्या टाकीत एअर पंपाचा दगड सोडून २४ तास हवा मारली की साधा क्लोरीन बहुतेक उडून जातो. घाई असेल तर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. मत्स्यालयाच्या दुकानात तो अँटिक्लोरीन म्हणून मिळतो. थेंबांची चाचणी पुन्हा करायची आणि पाणी बिनरंगी राहिलं तरच टाकीत सोडायचं.

बोअरचं पाणी वापरणार असाल तर थांबून दोन गोष्टी मोजा, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) आणि पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा). आपल्याकडची बोअर काळ्या पाषाणात आहेत, पाणी जड. साबणाला फेस येत नाही आणि बादलीला पांढरा थर धरतो, हे घरातल्या बायकांना मीटरशिवाय माहीत असतं. टाकीत पैदास झालेले मोटोरो, म्हणजे नवख्याने घ्यावी ती रेची जात, मध्यम जड पाणी सोसतात. मी टीडीएस साधारण ४०० पीपीएमपर्यंत (लिटरमागे ४०० मिलिग्रॅम) असलेलं पाणी तसंच वापरा म्हणेन, त्यापुढे आरओचं पाणी मिसळून खाली आणा. घरात मिठावर चालणारा सॉफ्टनर बसवला असेल तर त्याचं पाणी माशाला देऊ नका. तो कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम घालतो, त्यामुळे फेस येतो पण टीडीएस उतरत नाही.

पीएच मोजायचं खरं कारण अमोनिया आहे. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो, एक विषारी आणि एक बराचसा निरुपद्रवी. पीएच जितका चढा तितका विषारी वाटा जास्त. ३० अंशांच्या पाण्यात पीएच ७ असेल तर विषारी भाग एकूण अमोनियाच्या एक टक्क्याच्याही आत असतो, आणि पीएच ८ झाला की तोच सात-आठ टक्क्यांवर जातो. म्हणजे केरळातल्या मऊ पाण्यात जी चूक माशाने सोसली असती, ती आपल्या जड पाण्यात जवळजवळ दहापट महाग पडते. परमुलखातला व्हिडिओ बघून त्याची नक्कल करू नका म्हणतो ते यामुळे.

दुसरी पायरी: कुठला रे, आणि कागदपत्रं

नवख्याने मोटोरोच घ्यावा. तपकिरी अंगावर नारिंगी ठिपके, भोवती काळं कडं. खाण्याला चोखंदळ नसतो आणि टाकीत पैदास झालेली पिल्लं मिळतात. मोठा झाला की त्याची डिस्क, म्हणजे शेपूट सोडून गोल अंग, सहज ५० सेंटिमीटरच्या घरात जाते. मादी नरापेक्षा मोठी होते. दुकानात तळहाताएवढं दिसणारं पिल्लू दोन-तीन वर्षांत परातीएवढं होतं, आणि नीट ठेवलं तर दहा-पंधरा वर्षं सोबत करतं.

ब्लॅक डायमंड हा काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा. नाव पोटामोट्रिगॉन लिओपोल्डी, मूळचा ब्राझीलच्या शिंगू नदीच्या खोऱ्यातला. दिसायला राजस, किमतीलाही. पहिला रे म्हणून घेऊ नका.

‘टीकप’ या नावाला मात्र भुलू नका. कपात मावणारी अशी जात नाही. त्या नावाखाली वेगवेगळ्या जातींची पिल्लं विकली जातात, त्यातली बरीच नदीतून पकडलेली, अंगात जंत असलेली, उपाशी. तीही वाढतात, आणि अनुभवी माणसाच्या हातातही दगावतात.

कागदांचा विषय कंटाळवाणा वाटेल, पण टाळू नका. वन्यप्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा जो साइट्स करार आहे, त्याच्या २०२२ च्या पनामातल्या परिषदेत लिओपोल्डी, हेनलेई, जाबुटी अशा सात पोटामोट्रिगॉन जाती परिशिष्ट २ मध्ये, म्हणजे व्यापारावर नियंत्रण असलेल्या यादीत, घालण्यात आल्या. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिच्यातल्या अनुसूची ४ मधले विदेशी प्राणी ज्याच्याकडे असतील त्याने केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची असते. व्यवहार करण्याआधी विक्रेत्याकडून जातीचं शास्त्रीय नाव विचारा, ते यादीत आहे का ते वन विभागाच्या कार्यालयात दाखवून खात्री करा आणि पक्कं बिल घ्या. बिल न देणाऱ्याकडून रे घेऊ नये.

तिसरी पायरी: टाकी आणि ती ठेवायची जागा

रे तळाशी राहणारा, पसरट प्राणी आहे. त्याला उंची नको, तळ हवा. चार फूट उंच टाकी बैठकीत शोभून दिसते, पण त्याला तिचा काही उपयोग नाही. लांबी सहा फूट, रुंदी तीन फूट, उंची दोन फूट हे माझ्या मते एका मोटोरोसाठी किमान माप. रुंदी कमी करू नका. परातीएवढ्या रेला अंग न दुमडता वळता आलं पाहिजे. जोडी ठेवायची असेल तर आठ बाय चार.

काच १२ मिलिमीटरची, वर आडव्या पट्ट्या. करून घेताना कारागिराला मासा कोणता ते सांगा, म्हणजे आतल्या कोपऱ्यातलं जादा सिलिकॉन तो नीट कापून देईल. त्याच्या कडांना डिस्क घासते.

आता वजन. सहा-तीन-दोनच्या टाकीत पाणीच जवळजवळ एक टन, त्यावर काच, लोखंडी स्टँड, खालचा संप म्हणजे फिल्टरची टाकी. घराचा स्लॅब भारतीय मानकांप्रमाणे चौरस मीटरला साधारण २०० किलोच्या वापरभाराला धरून बांधतात. ही टाकी त्याच जागेवर ६०० किलोहून जास्त भार टाकते. म्हणून वरच्या मजल्यावर ठेवायची असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय नाही. जुन्या पेठांतल्या माळवदाच्या घरात तर तळमजला सोडून दुसरा विचारच नको. तळमजल्यावर शहाबादी फरशी बहुधा थोडी खालीवर असते, तेव्हा लेव्हल पाइप लावून स्टँड समतल करा आणि काचेखाली थर्माकोल घाला. पश्चिमेची खिडकी आणि टीव्हीचा आवाज, दोन्ही लांब ठेवा.

तळाला बारीक, धुतलेली सिलिका वाळू, एक-दोन बोटं जाडीची. बांधकामाची खडी-कच नको, रंगीत खडे नकोत, टोकदार दगड तर नकोतच. वाळूशिवायची टाकी साफ करायला सोपी हे खरं. पण रे स्वतःवर वाळू उडवून घेतो, फक्त डोळे आणि त्यामागची श्वासाची छिद्रं बाहेर ठेवून निवांत पडतो. ते बघितलं की थोडी जास्त साफसफाई करायला कोणी कुरकुर करणार नाही.

चौथी पायरी: फिल्टर पिकवणं

इथेच बहुतेकांचा धीर सुटतो, म्हणून इथेच जास्त थांबतो.

टाकीखाली दोनशे-अडीचशे लिटरचा संप करा. वरून पडणारं पाणी आधी पांढऱ्या फ्लॉसमधून, म्हणजे गाळण्याच्या कापसातून, जाईल, मग सिरॅमिक रिंग किंवा के-वन या प्लास्टिकच्या मीडियातून, आणि तासाला चार-पाच हजार लिटर फेकणारा पंप ते वर पाठवेल. फ्लॉस दर दोन-तीन दिवसांनी धुवायचा. मीडिया मात्र कधीही नळाच्या पाण्याने धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकेच हलवायचा. त्यावर जे जीवाणू बसतात ते अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि क्लोरीनने ते मरतात.

हे जीवाणू बसायला चार ते आठ आठवडे लागतात. या काळात टाकीत रे नको. पाणी २८ अंशांवर ठेवा आणि त्यांना खायला अमोनिया द्या. सोपा मार्ग अमोनियम क्लोराइडचा. कल्हईवाले वापरतात तो नवसागर म्हणजे हेच, पण त्यात भेसळ असू शकते, म्हणून प्रयोगशाळेच्या रसायनांच्या दुकानातून शुद्ध प्रतीचा आणा. हजार लिटरला साधारण सहा ग्रॅम टाकला की अमोनिया २ पीपीएमच्या आसपास येतो.

मग रोज मोजायचं. चाचणीच्या नळीत पाच मिलिलिटर पाणी, थेंब, पाच मिनिटं. सुरुवातीला नळी हिरवीगार. आठ-दहा दिवसांनी हिरव्यात पोपटी झाक येते, आणि एका सकाळी ती लिंबासारखी स्वच्छ पिवळी दिसते. अमोनिया संपला. पण आनंद आवरा, कारण तेव्हा नायट्राइट कळसाला असतं आणि तेही तितकंच घातक. २ पीपीएम अमोनिया टाकल्यावर २४ तासांत अमोनियाही शून्य आणि नायट्राइटही शून्य, असं लागोपाठ आठवडाभर दिसलं की फिल्टर पिकला. मग अर्ध्याहून जास्त पाणी बदलून नायट्रेट खाली आणा.

कुणा ओळखीच्याच्या जुन्या, निरोगी टाकीतला मूठभर मीडिया मिळाला तर हे काम निम्म्या वेळात होतं. आपलं जड पाणी इथे मात्र कामाला येतं. या जीवाणूंना पाण्यातला कार्बोनेट लागतो, तो आपल्याकडे मुबलक असतो, आणि पीएच अचानक कोसळत नाही.

पाचवी पायरी: उन्हाळा, थंडी आणि लाइट

रेला २६ ते २९ अंश मानवतात. सोलापूरच्या मेमध्ये बाहेर ४२-४३ असताना टाकी सहज ३२-३३ वर जाते. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम मावतो, ३२ अंशांना ७ च्या आसपास. त्याच वेळी माशाची गरज वाढलेली असते.

पाणी गार करणारं यंत्र, चिलर, महाग आहे. पण आपली हवा कोरडी आहे आणि तिचा फायदा घ्या. टाकीवर काचेचं झाकण न ठेवता जाळीची चौकट ठेवा आणि दोन छोटे पंखे पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपे लावा. बाष्पीभवनाने पाणी दोन ते चार अंशांनी उतरतं. रूममध्ये कूलर असेल तर आणखी. मुंबईच्या दमट हवेत हा उपाय एवढा चालत नाही. पावसाळ्यात आपल्याकडेही त्याचा जोर कमी होतो, पण तेव्हा गरजही तेवढी नसते. अशाने उडालेलं पाणी भरून काढताना नळाचं किंवा बोअरचं घालू नका, आरओचं घाला. उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात आणि महिनाभरात टीडीएस चढतो.

गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, जानेवारीत, रात्री बऱ्यापैकी गारठतं. तेव्हा हीटर लागतो. एक मोठा घेण्यापेक्षा ३०० वॉटचे दोन घ्या आणि ते संपमध्ये ठेवा, टाकीत नको. रे गरम हीटरवर अंग टेकून बसतो आणि डिस्क भाजते. टाकीतच ठेवायचा असेल तर प्लास्टिकची जाळी चढवून.

लाइट गेली तर काय, याचं उत्तर मासा येण्याआधी तयार हवं. वळवाच्या पावसात तास-दोन तास लाइट जाणं नवीन नाही. बॅटरीवर आपोआप सुरू होणारा एअर पंप घ्या, किंवा एअर पंप घरच्या इन्व्हर्टरवर जोडा. मोठा पंप बंद पडला तरी चालेल, हवा चालू राहिली पाहिजे. पंप बंद होईल तेव्हा संप भरून सांडत नाही ना, हे रिकाम्या टाकीच्या दिवसांतच एकदा स्विच बंद करून बघा.

सहावी पायरी: पिल्लू निवडणं आणि आणणं

सोलापुरात रे बहुधा सांगून मागवावा लागतो. शोभेच्या माशांचं मोठं केंद्र म्हणजे चेन्नईतलं कोलत्तूर. मुंबई-पुण्यातही विक्रेते आहेत. शक्य असेल तर स्वतः जाऊन बघा. निदान खातानाचा व्हिडिओ मागवा, आणि तो त्याच दिवशीचा असावा.

बघायचं काय? शेपटीच्या बुडाशी, डिस्क जिथे संपते तिथे. तिथली दोन हाडं वर आलेली दिसली तर पिल्लू बरेच दिवस उपाशी आहे, सोडून द्या. डिस्कची कड वर वळलेली असेल तर तो वाचणं अवघड. डोळ्यांमागची छिद्रं सावकाश, एका लयीत उघडझाप करत असावीत. कोळंबीचा तुकडा टाकल्यावर पिल्लू त्यावर झडप घालतं का ते बघा. शेपटीच्या दोन्ही बाजूंना, मुळाशी, बोटासारखे दोन अवयव दिसले तर नर. नसले तर मादी. नवख्याने एकटाच ठेवावा. नर मादीच्या मागे लागला की डिस्कच्या कडा चावून जखमी करतो.

पिशवी घरी आली की दोन गोष्टी वेगळ्या समजून घ्या. तासाभराचा प्रवास असेल तर पिशवी पाण्यावर तरंगत ठेवून तापमान जुळवा, मग मासा आणि पिशवीतलं पाणी बादलीत काढून टाकीचं पाणी बारीक नळीने थेंबथेंब तासभर सोडा. पण पिशवी रात्रभराच्या गाडीने आली असेल तर हे करू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो, त्यामुळे साठलेला अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा वेळी तापमान जुळवायचं, पिशवी उघडायची आणि लगेच मासा टाकीत सोडायचा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही. त्यासाठी विक्रेत्याच्या टाकीचा टीडीएस आणि पीएच आधी विचारून आपल्या टाकीत शक्य तितका जुळवून ठेवा.

पहिला दिवस दिवे बंद. दुसऱ्या दिवशी थोडं खाणं.

खाणं

पिल्लाला दिवसातून दोन-तीनदा, मोठ्याला एकदा. सोललेली, बारीक चिरलेली कोळंबी, काटे काढलेला चिलापी किंवा रोहूचा तुकडा, आणि बुडणाऱ्या मांसाहारी गोळ्या. चिलापी उजनीचा ताजा मिळतो. तो धुऊन, चिरून, आठवडाभर डीप फ्रीजमध्ये गोठवून मग द्या, म्हणजे बहुतेक परजीवी मरतात. नुसत्या कोळंबीवर ठेवू नका. कच्च्या कोळंबीत बी-१ जीवनसत्त्व मोडणारं विकर असतं, महिनोन्‌महिने तेच दिलं तर कमतरता होते. गोळ्यांची सवय लहानपणीच लावा.

गांडुळं रेला फार आवडतात. पण गांडूळखताच्या खड्ड्यातली लाल गांडुळं कडवट द्रव सोडतात, ती बरेच मासे थुंकून देतात. शेतातली, फवारणी नसलेल्या मातीतली मिळाली तर उत्तम. चिकन, मटण, काळीज नको, ती चरबी त्यांना पचत नाही. जिवंत मासे सोडून शिकार बघायची हौस असेल तर ती आवरा, त्यातून रोग येतात.

रे खाताना एकदा जवळून बघाच. तो तुकड्यावरून आधी पुढे निघून जातो, कारण तोंड खाली आणि डोळे वर. मग वासाने मागे येतो, अख्खं अंग तुकड्यावर दाबून बसतो, डिस्कच्या कडा वाळूला चिकटतात आणि आतून चघळण्याचा बारीक थरकाप कडांपर्यंत येतो. मग थोडी वाळू बाहेर उडते. पंधरा मिनिटांनी उरलेलं सगळं काढून टाका.

सोबती

सकर ठेवू नका. टाकी साफ करतो म्हणून सगळे घेतात, पण तो रात्री रेच्या पाठीवर बसून अंगावरचा बुळबुळीत थर खरवडतो. सिल्व्हर डॉलर किंवा अरोवानासारखे वरच्या पाण्यात राहणारे चालतात. अरोवानालाही एवढीच मोठी टाकी लागते, हे लक्षात घ्या. कोणताही नवा मासा आधी वेगळ्या टाकीत महिनाभर. रेच्या टाकीत तांब्याची किंवा फॉर्मालिनची औषधं घालू नका. दुकानदार सवयीने जी निळी-हिरवी बाटली देतो, तिच्यावर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय झाकण उघडू नका.

काटा

शेपटीवर करवतीच्या दात्यांचा, विषारी काटा असतो. रे स्वतःहून हल्ला करत नाही, पण दाबला, घेरला की शेपूट मारतो. काही महिन्यांनी जुना काटा गळतो आणि खालून नवा येतो. गळलेला काटा वाळूत पडलेला असतो आणि तोही तितकाच लागतो. हाताने चाचपू नका, लांब चिमट्याने उचला. काटा कापायला कोणी सांगितलं तर ऐकू नका.

टाकीत हात घालताना रे कुठे आहे ते डोळ्यांना दिसलं पाहिजे. मध्ये एक पारदर्शक ॲक्रिलिकचा पत्रा धरला की तो एका बाजूला राहतो. जाळीने कधीच पकडू नका, काटा अडकतो. प्लास्टिकच्या टबात हळूच वळवून घ्या. साफसफाईच्या वेळी घरात दुसरं मोठं माणूस असावं, आणि लहान मुलं असतील तर टाकीवर कुलूपाची चौकट.

लागलंच तर जखम धुऊन तो भाग लगेच गरम पाण्यात बुडवा, साधारण ४५ अंश, त्याहून जास्त नाही. पाणी किती गरम आहे ते न लागलेल्या हाताने तपासा, लागलेल्या हाताला वेदनेत कळत नाही. अर्धा ते दीड तास ठेवा, पाणी निवलं की बदला. वेदना उतरली तरी त्याच दिवशी सिव्हिलला किंवा जवळच्या रुग्णालयात जा. आत काट्याचा तुकडा राहिलाय का ते बघावं लागतं, धनुर्वाताचं इंजेक्शन लागतं, आणि या जखमा चिघळतात. काटा छातीत, पोटात किंवा मानेत घुसला असेल तर तो ओढून काढू नका, तसंच दवाखान्यात न्या.

आठवड्याचं काम

दोन वेळा दोनशे-दोनशे लिटर पाणी बदलणं. पाणी काढण्याआधी अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट मोजणं. पहिली दोन कायम शून्य, नायट्रेट २० पीपीएमच्या आत. नवं पाणी एक-दोन अंशांच्या फरकात. काढलेलं पाणी गटारीत सोडू नका, त्यातलं नायट्रेट झाडांना खत आहे. कढीपत्ता, जास्वंद, पपई, शेवगा यांना ते देत चला. दुष्काळी भागात चारशे लिटर पाणी दर आठवड्याला माशापायी खर्चायचं तर ते दोनदा वापरलं गेलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

गावाला जायचं असेल तर मोठ्या रेला तीन-चार दिवस उपास चालतो. शेजाऱ्याला खाणं टाकायला सांगण्यापेक्षा लाइट गेली तर एअर पंप सुरू आहे का एवढंच बघायला सांगा.

टाकी पुरेनाशी झाली तर

बदली होते, घर बदलतं, मासा मोठा होतो. तेव्हा रे कंबर तलावात, सिद्धेश्वर तलावात, हिप्परग्यात किंवा उजनीच्या पाण्यात सोडायचा विचारही करू नका. सिंगापूरच्या जलाशयात लोकांनी सोडलेल्या मोटोरोंनी पैदास करून कायमचा मुक्काम केला आहे. उजनीत चिलापी किती आहे ते आपण रोज बाजारात बघतोच, तोही मूळचा आफ्रिकेतला. काटा असलेला प्राणी गाळात लपून बसला तर पहिली इजा होईल ती भोई बांधवांच्या पायांना.

विकत घेतानाच विक्रेत्याला विचारून ठेवा, मोठा झाल्यावर परत घेशील का. हो म्हणाला तर बिलावर लिहून घ्या. नाही म्हणाला तर पुण्या-मुंबईतल्या मोठ्या टाक्यांच्या हौशी लोकांशी आधीपासून ओळख ठेवा. नवी जागा मिळेपर्यंत खाणं निम्म्यावर आणा, पाणी बदलणं आठवड्याला तीनदा करा, आणि जातीची नोंदणी केली असेल तर मासा दुसऱ्याच्या नावावर करायचे कागद त्याच पोर्टलवर आधी भरून घ्या.